‘मला जायचं नाही’ याला रकाना नव्हता : मिडलसेक्सच्या जुन्या अर्जांतला सक्तीचा शिपाई कसा वाचावा

लंडनच्या हॅरो, वेम्बली, विल्सडन, ईलिंग, हाउन्स्लो या पट्ट्यात, म्हणजे जुन्या मिडलसेक्स काउंटीत (जिल्ह्यात), मराठी घरं आता बरीच झाली आहेत. त्यातली पुष्कळशी विटांच्या एकसारख्या ओळीतली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. पोरांना शाळेत पहिल्या महायुद्धाचा प्रकल्प मिळाला की ‘आपल्या घरात तेव्हा कोण राहायचं?’ हा प्रश्न निघतो आणि फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. एक तर मी इथल्या स्थानिक इतिहास मंडळात जाऊन बसतो. दुसरं म्हणजे माझी सगळी नोकरी साताऱ्याला महसूल खात्यात गेली. अर्ज, पोच, शेरा, तहकूब, निकाली हेच वाचत डोळे गेले. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

लढाईवर आपणहून गेलेल्यांबद्दल इथे कोणीही सांगेल, चौकाचौकात त्यांच्या स्मारकाचे खांब आहेत. मी लिहितोय ते ज्यांना जायचं नव्हतं पण नेलं, किंवा ज्यांनी न जाण्यासाठी अर्ज केले, त्यांच्याबद्दल. त्यांच्यातल्या पुष्कळांची नावंही त्याच खांबांवर आहेत, पण खांबावरून काही कळत नाही. कळतं ते कागदांवरून, आणि कागद वाचायची एक रीत आहे.

आधी कायदा, मग माणूस

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची भरती नव्हती. होता तो गल्लीचा दाब. त्याच महिन्यात फोकस्टन गावात पेनरोज फिट्झजेराल्ड नावाच्या निवृत्त ॲडमिरलने तीस बायका गोळा केल्या आणि गणवेशात नसलेल्या तरुणांच्या हातात पांढरं पीस द्यायला लावलं. पांढरं पीस म्हणजे भित्रेपणाची खूण. ही टूम देशभर पसरली. भिंतींवर सरकारी पोस्टरं होती, त्यातल्या एकात मांडीवरची मुलगी बापाला विचारते, लढाईत तुम्ही काय केलंत?

एवढ्यानेही माणसं पुरेनात, तेव्हा १९१५ च्या शेवटच्या महिन्यांत लॉर्ड डर्बी यांची योजना आली. आता फक्त नाव नोंदवा, बोलावू तेव्हा या. लग्न झालेल्यांना सांगितलं की सडे लोक संपल्याशिवाय तुम्हाला हात लावणार नाही. ते पुरतं पाळलं गेलं नाही. त्यामुळे लग्नाचे आणि बिनलग्नाचे यांच्यात जी चिडाचीड झाली ती पुढच्या अर्जांत ठिकठिकाणी दिसते.

मग आला १९१६ च्या जानेवारीतला मिलिटरी सर्व्हिस ॲक्ट. वय १८ पूर्ण, ४१ च्या आत, अविवाहित किंवा मूल नसलेला विधुर. मे महिन्यात विवाहितही आले. १९१८ च्या एप्रिलमध्ये वयाची मर्यादा पन्नाशीपर्यंत गेली. आयर्लंडमध्ये सक्ती कधीच लागू झाली नाही. या कायद्यातली मेख बघा : २ मार्च १९१६ पासून असा प्रत्येक पुरुष ‘भरती झाला आहे असे समजण्यात येईल.’ सह्याच नकोत. आपल्याकडे सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण होतं ना, बिल्डर येवो न येवो, तसा हा मानीव शिपाई. दुकानात लोणी तोलत असला तरी कायद्याने तो पलटणीतला. बोलावल्या तारखेला हजर झाला नाही की फरारी. पोलीस धरणार, मॅजिस्ट्रेट बहुधा चाळीस शिलिंग दंड ठोकणार आणि लष्करी पहाऱ्यात देणार.

सुटका एकच : ट्रायब्युनलपुढे, म्हणजे सूट द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या मंडळापुढे, अर्ज. गावोगावी मिळून अशी सुमारे दोन हजार मंडळं होती. त्यांच्यावर काउंटीचं अपील मंडळ आणि सगळ्यात वर वेस्टमिन्स्टरचं केंद्रीय. स्थानिक मंडळात बसायचे नगरपालिकेचे सभासद, दुकानदार, एखादा कामगार पुढारी, क्वचित एखादी बाई. बहुतेक सगळे भरतीच्या वयाच्या पलीकडचे. जोडीला सैन्याचा प्रतिनिधी, ज्याला मत नव्हतं पण उलटतपासणीचा पूर्ण अधिकार होता. १९१६ च्या मार्च ते जून या चार महिन्यांत सुमारे साडेसात लाख माणसांनी अर्ज केले. हा आकडा पोरांना आवर्जून सांगा. ‘तेव्हा सगळेच उत्साहाने गेले’ हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेले असतात.

दफ्तर कुठे आहे

युद्ध संपल्यावर आरोग्य मंत्रालयाने ही सगळी दफ्तरं नष्ट करायला सांगितलं. नमुना म्हणून दोनच अपील मंडळांची ठेवली : स्कॉटलंडमध्ये लोदियन-पीबल्सची आणि इंग्लंडमध्ये मिडलसेक्सची. दैव बघा, आपली मराठी वस्ती नेमकी जुन्या मिडलसेक्सवर पसरली आहे. काउंटी १९६५ मध्ये मोडली, पण कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एमएच ४७’ या क्रमांकाखाली आहेत. अकरा हजारांवर प्रकरणं, २०१४ पासून स्कॅन करून वेबसाइटवर.

क्यूला जाण्याआधी घरी बसून शोधा. त्यांच्या ‘डिस्कव्हरी’ सूचीत तपशीलवार शोध उघडा, संदर्भाच्या चौकटीत एमएच ४७ घाला आणि शब्दाच्या चौकटीत गावाचं नाव किंवा धंदा. नाव माहीत असेल तर उत्तमच. पण घरापासून सुरुवात करणाऱ्यांना नाव माहीत नसतं. त्यांनी आधी १९११ ची जनगणना बघावी, म्हणजे घरातली माणसं, वयं, धंदे मिळतात. मधल्या पाच वर्षांत भाडेकरू बदललेला असू शकतो, म्हणून १९१८ ची ‘गैरहजर मतदारांची यादी’ जोडीला घ्या. सैन्यात असलेल्यांची ती मतदारयादी. घराच्या पत्त्यासमोर शिपायाचं नाव, पलटण, क्रमांक. सगळ्या भागांच्या याद्या टिकल्या नाहीत, पण जिथे आहेत तिथे घरापासून माणसापर्यंत जायला इतका सरळ रस्ता दुसरा नाही.

एक समज आधीच पक्की करून घ्या. ही अपिलाची दफ्तरं आहेत. स्थानिक मंडळाने सूट दिली आणि लष्कराने हरकत घेतली नाही, तर त्या माणसाची फाइल इथे नसणार. उलट काहींच्या दोन-तीन फाइली असतात, कारण दर काही महिन्यांनी सूट संपायची आणि पुन्हा अर्ज. फाइल सापडली नाही म्हणजे माणूस राजीखुशीने गेला, असं मुलाच्या वहीत कृपा करून लिहू नका.

आणि हद्द तपासा. हॅम्पस्टेड, फुलम ही तेव्हा लंडन काउंटीत होती. तिथलं इथे मिळायचं नाही. टॉटनम, एनफिल्ड, हॉर्न्सी, ॲक्टन, अक्सब्रिज, ट्विकनम मात्र मिडलसेक्सचीच.

अर्ज हातात आल्यावर

लोक इथेच घाई करतात. मथळ्यातलं नाव वाचतात, शेवटचा निकाल वाचतात, झालं. असं करू नका.

पहिल्यांदा तारीख. विवाहित माणसाचा अर्ज १९१६ च्या मार्च-एप्रिलमधला असेल, तर तो डर्बी योजनेत नाव दिलेला असणार, कारण तोवर विवाहितांना सक्तीच नव्हती. म्हणजे वर्षाअखेरीस पिसाच्या आणि शेजाऱ्यांच्या दाबाखाली त्याने नाव दिलं आणि चार महिन्यांत मागे घ्यायला धडपडला. एका तारखेवरून एवढं कळतं. १९१७ नंतरचा अर्ज असेल तर आधीची सूट संपलेली असण्याची शक्यता जास्त. १९१८ च्या उन्हाळ्यातला, वय पंचेचाळीस, असं दिसलं तर समजा की वयाची मर्यादा वाढल्यावर सापडलेला तो बापडा.

मग कारणाचं अक्षर. छापील फॉर्मवर ए पासून जी पर्यंत सात कारणं आहेत. ए आणि बी : देशाच्या हितासाठी हा माणूस दुसऱ्या कामावर असणं बरं. सी : शिक्षण किंवा उमेदवारी चालू. डी : आर्थिक, धंद्याच्या किंवा घरच्या अडचणीमुळे घोर हाल होतील. ई : आजार. एफ : सदसद्विवेकाला युद्ध पटत नाही. जी : सरकारने ठरवलेल्या आवश्यक धंद्यांच्या यादीतला.

सातच. आता माझं म्हणणं ऐका, कारण हा सगळा लेख त्यासाठी आहे. अर्जदार आपल्या मनातलं लिहीत नाही. मंजूर होईल ते लिहितो. भीती वाटते, त्या लढाईशी माझं देणंघेणं नाही, शेजारचा पोरगा फ्रान्समध्ये सोम नदीकाठच्या लढाईत, चिखलात गेला आणि मला तसं मरायचं नाही, यासाठी अक्षरच नव्हतं. म्हणून ते सगळं डी मध्ये शिरलं. म्हातारी आई, अर्धांगाने पडलेला बाप, एकट्याच्या जिवावर चाललेलं दुकान. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा पूर्ण खरं होतं. पण ते सांगता येण्याजोगं खरं होतं. आमच्याकडे दुष्काळी सवलतीचे अर्ज यायचे, त्यांत ‘विहिरीस पाणी नाही’ हे सगळ्यांचंच वाक्य. त्या वाक्याआड प्रत्येकाचं घर वेगळं असायचं, आणि ते बघायला गावात जावं लागायचं.

मिडलसेक्सच्या फाइलींत विवेकाचं कारण देणारे शंभरात पाचच्या आसपास. बाकीचे धंदेवाले आणि घरवाले. शाळेची पुस्तकं या पाचांवर पानं खर्च करतात, उरलेल्या पंच्याण्णवांना विसरतात. नाखूश शिपाई मुख्यतः तिथे आहे.

नमुना म्हणून एक अर्ज मनाने मांडून दाखवतो. समजा विल्सडनचा दूधवाला, वय ३४, बायको, तीन मुलं, कारण डी. पहिल्या पानावरचं अक्षर गोलसर, सावकाश, कदाचित बायकोचं. खालची सही मात्र खरडलेली. अक्षर कोणाचं हे विचारा. अर्ज मालकाने केलेला असेल तर सगळीकडे धंद्याची भाषा येते : किती घरं, किती गॅलन, बदली माणूस मिळत नाही. मालकाने अर्ज केलेल्या माणसाचं स्वतःचं मत कागदावर अजिबात नसू शकतं. मग मागची बाजू बघा. तिथे स्थानिक मंडळाचा निकाल आणि कारण, एखाद्या ओळीत. मग सैन्याच्या प्रतिनिधीचा शेरा. ‘ही फेरी बायकोला चालवता येईल.’ ‘वयाच्या पलीकडचा माणूस मिळेल.’ हे शेरे थंड असतात, आणि मला विचाराल तर सगळ्या फाइलीत सगळ्यात प्रामाणिक तेच. त्यांना कुणाला पटवायचं नव्हतं.

वैद्यकीय वर्ग नोंदलेला असतो : ए म्हणजे आघाडीसाठी योग्य, बी आणि सी त्याखालचे, पुन्हा त्यांत १, २, ३. पुढे चार ग्रेड आले. एकाच माणसाचा वर्ग वर्षभरात सुधारलेला दिसला तर त्याची तब्येत सुधारली असं लगेच मानू नका. सैन्याला माणसं कमी पडत होती.

शेजारी फाइलीत कसे येतात

समाजाचा दाब कागदावर कुठे दिसतो, असं एका पोरीने मला विचारलं. तीन ठिकाणी.

एक, निनावी पत्रं. काही फाइलींत ती अजून टाचलेली आहेत. अमक्या खाटकाला सूट कशी? माझा मुलगा गेला, याचा का नाही? तो दारूच्या गुत्त्यावर फुशारक्या मारतो. सही : ‘एक देशभक्त’ किंवा ‘एक आई’. अशी पत्रं मी नोकरीतही खूप पाहिली. रेशनकार्डावरून यायची, विहिरीच्या अनुदानावरून यायची. नियम तोच लावा : पत्रातला आरोप बाजूला ठेवा आणि लिहिणाऱ्याला काय ठाऊक आहे ते बघा. त्याला दुकान किती वाजता उघडतं ठाऊक असेल, आत किती माणसं कामाला आहेत ठाऊक असेल, तर तो समोरच्या फुटपाथवरचा आहे. अर्जदारालाही हे कळत असणारच. रोज सकाळी त्याच माणसाला दूध घालायचं आणि त्यानेच आपल्यावर अर्ज ठोकला असेल का हे मनात घोळवायचं. पिसापेक्षा मला हे अवघड वाटतं. पीस देणारी निघून जाते.

पण एकाच रंगाने रंगवू नका. बाजूनेही पत्रं आहेत. एका घरातले चार भाऊ युद्धात गमावलेले, पाचव्याच्या प्रकरणात मंडळाने आईकडे बघून सूट दिली, असंही या दफ्तरात सापडतं. निनावी पत्र लिहिणाऱ्या आईचा मुलगाही खरोखरच गेलेला असायचा. तिचा राग कुठून आला हे समजायला फार अक्कल लागत नाही.

दोन, वर्तमानपत्रं. सुनावण्या बहुधा उघड्या चालत आणि स्थानिक साप्ताहिकं त्या रकानेच्या रकाने छापत. अनेकदा नाव न देता : ‘एक विवाहित किराणा दुकानदार, ३६’. फाइलीतली सुनावणीची तारीख घ्या, त्या आठवड्याचा अंक काढा, धंदा आणि वय जुळवा, माणूस सापडतो. ‘मिडलसेक्स क्रॉनिकल’सारखे अंक ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये मिळतात. घरून पैसे पडतात, पण बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकावर फुकट बघता येतं, आधी विचारा. आणि बातमी वाचताना कंसांकडे लक्ष ठेवा. ‘(हशा)’. अर्जदार म्हणतो, मी गेलो तर आईला बघायला कोणी नाही. सभासद काहीतरी टोला मारतो. कंसात हशा. फाइलीच्या कोरड्या निकालात हा हशा कधीच येत नाही. कोणत्या वाक्यावर हसले त्याची यादी पोरांना करायला लावा. त्या गावाचं मन त्या यादीत उघडं पडतं.

विवेकाचं कारण देणाऱ्यांना तर एक ठराविक प्रश्न असायचाच : जर्मन शिपाई तुझ्या बहिणीवर चालून आला तर तू काय करशील? गप्प राहिला तर भित्रा, मारीन म्हणाला तर ढोंगी. यांतल्या काहींना बिनलढाऊ तुकडीत घातलं, जिला वर्तमानपत्रांनी ‘धैर्य नसलेली तुकडी’ असं नाव पाडलं. काहींना बळजबरीने फ्रान्सला नेलं आणि १९१६ च्या जूनमध्ये पस्तीसच्या आसपास जणांना लष्करी न्यायालयाने मृत्यूची शिक्षा सुनावून लगेच ती दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. यॉर्कशरमधल्या रिचमंड किल्ल्याच्या कोठडीत अशा कैद्यांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं अजून आहे. आणि १९१८ च्या कायद्याने अशा लोकांचा मताधिकार पाच वर्षांसाठी काढून घेतला. म्हणजे युद्ध संपलं तरी शेरा पुसला नाही.

तीन, छातीवरची आणि दंडावरची चिन्हं. फाइलीबरोबर जुना फोटो मिळाला तर भिंग घ्या. दंडावर खाकी पट्टी आणि लाल मुकुट असेल तर डर्बी योजनेत नाव दिलेला. कोटावर ‘ऑन वॉर सर्व्हिस’चा बिल्ला असेल तर कारखान्यात युद्धसामग्रीच्या कामावर. १९१६ च्या सप्टेंबरपासून चांदीचा गोल बिल्ला आला, जखमी किंवा आजारी होऊन सैन्यातून मोकळं केलेल्यांसाठी. हे बिल्ले शोभेचे नव्हते. साध्या कपड्यात रस्त्यावर फिरायला ते परवान्यासारखे लागत, कारण पाय गमावून आलेल्यालाही ट्रॅममध्ये पीस मिळू शकत होतं. त्याच सप्टेंबरात लंडनच्या मेरिलबोन स्टेशनात आणि इतर ठिकाणी धरपकडी झाल्या. भरतीच्या वयाच्या पुरुषांना अडवून कागद मागितले.

अर्जदाराचं नाव ज्यू वाटलं तर आणखी एक पदर आहे. रशियाचे प्रजाजन असलेले हजारो ज्यू शिंपी, टोपीवाले इथे राहत होते. १९१७ मध्ये रशियाशी करार झाला आणि त्यांना सांगितलं : इथल्या सैन्यात या, नाहीतर रशियात परत जा. ज्या झारशाहीच्या जाचातून ते पळून आले होते तिच्याच दोस्तराष्ट्रासाठी लढायला त्यातल्या बऱ्याच जणांचं मन होत नव्हतं. ‘आमची पोरं मरतायत आणि हे धंदे बळकावतायत’ ही बोली तेव्हा सर्रास होती, आणि लीड्समध्ये १९१७ च्या जूनमध्ये ज्यू वस्तीवर दंगल झाली. अशा माणसाच्या बातमीतला हशा निराळा असतो, तो वेगळा नोंदवा.

अर्ज फेटाळला, मग?

सूट तीन प्रकारची : कायमची, अटीवर आणि तात्पुरती. तात्पुरती सगळ्यात जास्त दिसते. दोन महिने, तीन महिने, आणि कधी शेवटी ‘ही अखेरची’. अटीवरच्या सुटीत बहुधा गावच्या स्वयंसेवक पलटणीत कवायत करायची अट असे. दिवसभर दुकान, रात्री लाकडी बंदूक घेऊन कवायत.

अखेर गेला असेल तर सैन्याची नोंद शोधा. १९४० च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या गोदामावर बॉम्ब पडून पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदींपैकी साठ टक्क्यांच्या आसपास जळाल्या. उरलेल्यांना ‘जळके कागद’च म्हणतात. स्कॅनमध्ये पानाच्या कडा काळ्या, खाल्लेल्या दिसतात आणि नेमकी हवी ती तारीख त्या कडेत गेलेली असते. मिळाली तर दोन तारखा बघा : नाव दिल्याची आणि बोलावल्याची. दोघींत महिन्यांचं अंतर असेल तर डर्बीवाला.

पदकांवरूनही अंदाज येतो. १९१५ संपण्याआधी आघाडीच्या मुलखात पोचलेल्याला ताऱ्यासह तीन पदकं, जी लोकांनी एका चित्रमालिकेवरून ‘पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड’ म्हणून ओळखली. सक्तीने नेलेल्याला फार तर दोन. म्हणजे युद्धानंतर मिरवणुकीत छातीकडे बघूनच जुने स्वयंसेवक ओळखत की हा उशिरा आलेला. सावध राहा, १९१६ मध्ये परदेशी गेलेल्या स्वयंसेवकालाही दोनच. दोन पदकं म्हणजे सक्तीचा, असं लिहू नका. तीन पदकं म्हणजे सक्तीचा नव्हे, एवढं मात्र लिहिता येतं. सक्तीने घेतलेल्यांची एकूण संख्या पंचवीस लाखांच्या घरात होती, तेव्हा सोबतीला पुष्कळ होते.

आणि १९२१ ची जनगणना विसरू नका. मी तर निकालाआधी तीच उघडतो. ‘मी गेलो तर दुकान बुडेल’ असं ज्याने लिहिलं, त्याच्या नावापुढे १९२१ मध्ये कोणता धंदा आहे? दुकानदार, की दुसऱ्याकडे नोकर? मंडळाने ज्या वाक्यावर विश्वास ठेवला नाही त्याचा पडताळा तिथे मिळतो.

आपल्याकडचं काय?

हे नेहमी विचारतात. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा फलक आहे, आणि तो फलक अभिमानाचा आहे. पण हिंदी शिपायाचा असा अर्ज तुम्हाला कुठल्याच दफ्तरात मिळणार नाही, कारण कागदोपत्री हिंदुस्थानात सगळे स्वखुशीने गेले. पंजाबात १९१७-१८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला माणसांचा कोटा ठरवून दिला होता आणि तो भरून घ्यायचं काम तहसीलदार आणि झैलदार (गावांच्या गटाचे प्रमुख) यांच्यावर होतं. म्हणजे माझ्याच खात्यावर. सक्ती कबूलच नव्हती, म्हणून हरकतीचा फॉर्मही नव्हता. विल्सडनच्या दूधवाल्याला निदान सात अक्षरं दिली होती.

लंडनला गेलात तर टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला पोरांना न्या. युद्धाला नकार देणाऱ्यांचा दगड १९९४ मध्ये तिथे बसवला. त्याच बागेत गांधीजींचा पुतळा आहे, १९६८ चा. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात पायी फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागत होते, आणि ज्या गावांनी सत्याग्रहात त्यांना डोक्यावर घेतलं त्यांनी या वेळी फारशी दाद दिली नाही. हे दोन्ही तिथेच उभं राहून सांगा, पोरं प्रश्न विचारतात.

सापडलेलं कुणाला सांगायचं

त्या माणसाचे वंशज कधी कधी त्याच गावात असतात. शेजारच्या एका आजींना त्यांच्या आजोबांचा अर्ज मी छापून दिला, तेव्हा त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं : आमच्या घरात सांगायचे की त्यांचे डोळे अधू होते. अर्जात डोळ्यांचा उल्लेखही नव्हता, डी होता. घरोघरी अशी एक शोभणारी गोष्ट तयार झालेली असते, कारण न गेलेल्याच्या मुलांनाही शाळेत ऐकावं लागलं. ती गोष्ट तिथल्या तिथे खोडू नका. कागद द्या, क्रमांक लिहून द्या, वाचायला वेळ द्या. प्रकल्पात नाव घालायचं तर त्यांना विचारून घाला, नाहीतर धंदा आणि वय पुरे, वर्तमानपत्रांनीही तेच केलं होतं.

मिडलसेक्सबाहेर राहणाऱ्यांसाठी : एडिनबरा आणि आसपासच्यांनी लोदियन-पीबल्सची दफ्तरं नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये मागावीत. नॉर्दम्प्टनशरच्या अपील मंडळाचे कागद हुकूम असूनही वाचले, ते तिथल्या काउंटी अभिलेखागारात आहेत. वेल्समधल्या कार्डिगनशरचे ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमवाल्यांनी सरळ १९१६ च्या मार्चपासूनची स्थानिक वर्तमानपत्रं काढावीत आणि ट्रायब्युनलचा रकाना आठवड्याआठवड्याने वाचत जावा.